कांदेबागेत कांदे नसतात: खानदेशातल्या लेखक-चित्रकारांनी एआय कसं वापरावं

माझ्या एका कथेतला यावल तालुक्यातला पोरगा रात्री दीडला लाईट आल्यावर कांदेबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला जातो. मसुदा झाल्यावर मी तो एका एआयला वाचायला दिला आणि विचारलं, वातावरण कुठे कमी पडतंय? उत्तर आलं, कांद्याच्या ओल्या पातीचा उग्र वास आणि अंधारात पायाखाली येणारे कांदे यांचं वर्णन घाला. आपल्याकडे कांदेबाग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी. जून-जुलैत लावली की ती मृगबाग. तिथे कांद्याची एक पातसुद्धा नसते. पण त्या सल्ल्याची मराठी सफाईदार होती, सूर जाणत्या संपादकाचा होता, आणि खानदेशाबाहेरच्या वाचकाला तो पटलाही असता.

त्यानंतर मी ही साधनं सोडली नाहीत. रोज वापरतो, कथांसाठी आणि आम्ही काही मित्र मिळून काढतो त्या छोट्या दिवाळी अंकासाठीही. अनुभवाने एवढं कळलंय की लिहिण्याआधीची आणि लिहून झाल्यानंतरची बरीच मेहनत यंत्राकडे सोपवता येते. मधलं लिहिणं सोपवलं की आपला मुलूख त्यातून पुसला जातो. पुढची सगळी रीत याच धाग्यावर बेतलेली आहे.

यंत्र असं का वागतं

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड ही सगळी यंत्रं अफाट मजकुरावर शिकलेली असतात. एका तुकड्यानंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब करत ती वाक्य बांधतात. ज्या तऱ्हेचा मजकूर जास्त, तिकडे त्यांचा कल. इंटरनेटवरची मराठी बहुतेक प्रमाण मराठी. अहिराणीचं तसं नाही. ग्रीअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली ‘खानदेशी’ या नावाने तिची स्वतंत्र नोंद झाली, २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी ती आपली भाषा म्हणून सांगितली, पण बोललेलं डोंगराएवढं आणि लिहिलेलं मूठभर. भारत सरकारचं भाषांतराचं व्यासपीठ ‘भाषिणी’ २०२२ मध्ये सुरू झालं ते राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा डोळ्यासमोर ठेवून. अहिराणी त्या यादीत नाही. लेवा गणबोली, पावरी, गुजर बोली या खानदेशातल्या इतर बोलींची वाट तर आणखीच अवघड.

स्वतः पाहायचं असेल तर कुठल्याही एआयला ‘आखाजीवर (आपल्याकडची अक्षय तृतीया) दहा ओळी लिही’ म्हणा. बहुतेक वेळा सोनंखरेदीचा मुहूर्त आणि ‘अक्षय’ शब्दाचा अर्थ येईल. सासरहून आलेल्या लेकी, झाडाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, पितरांची घागर, सांजोऱ्या, हे सगळं तुम्ही सांगाल तेव्हाच येईल.

आधी आवाज गोळा करा

मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, आणि यात एआयचा काही संबंध नाही. कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वहीगायनातली लोकगीतं, बाजारातली घासाघीस, केळीचे घड ट्रकमध्ये भरताना चाललेल्या गप्पा. फोनवर रेकॉर्ड करायला लागतं काय?

पंखा बंद करा. फोन ओट्यावर किंवा पत्र्याच्या डब्यावर ठेवू नका, घडी घातलेल्या चादरीवर ठेवा, म्हणजे भांड्यांची धडधड फितीत उतरत नाही. सुरुवातीलाच, रेकॉर्डिंग चालू असताना, परवानगी विचारा: ‘मावशी, हे मी लिहून काढणार आहे, छापलं तर तुमचं नाव टाकू का?’ परवानगी आवाजातच नोंदली गेली की पुढे वाद राहत नाही. ‘गाणं म्हणा’ असं थेट म्हणू नका. म्हटलं की माणूस आखडतो. ‘आखाजीले तुमच्याकडे झोका कोण बांधायचं?’ असं विचारा, गाणं आपोआप येतं. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा आणि फाइलला गाव, तारीख, विषय असं नाव द्या. ‘रेकॉर्डिंग ४७’ या नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणालाच सापडत नाही.

लिहून काढताना हात आखडता ठेवा

आवाजाचं लिखाण करून देणारी बरीच साधनं मराठी ओळखतात. बोलून टाइप करायची सोय फोनच्या कीबोर्डमध्येच असते, आणि ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ २०२२ पासून खुलं आहे. तासाभराच्या फितीवर चार-पाच तास बसावं लागायचं, ते काम आता बरंच हलकं होतं. पण धोका इथेच आहे, म्हणून एक ओळ जवळून दाखवतो.

अमळनेरकडच्या एका मावशींनी सांगितलं होतं: ‘आखाजीले माय वाट दखस.’

यंत्राने लिहिलं: ‘आखाजीला माय वाट बघते.’

मग मी ते पान ‘नीट करून दे’ म्हणून दुसऱ्या एआयला दिलं. परत आलं: ‘अक्षय तृतीयेला आई लेकीची आतुरतेने वाट पाहत असते.’

दोन पायऱ्यांत मावशी नाहीशा झाल्या. ‘ले’ गेला, ‘दखस’ गेला, माय गेली, आणि ‘आतुरतेने’ हा शब्द कुणी न बोलता आत शिरला. यात चूक दिसतही नाही, कारण वाक्य शुद्ध आहे. वेडंवाकडं लिहिलं असतं तर आपण थांबलो असतो. गुळगुळीत झालेलं वाक्य नजरेतून निसटतं.

बहिणाबाई चौधरी स्वतः लिहीत नव्हत्या. त्यांच्या ओव्या सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपात आल्या. टिपणाऱ्यांनी त्यातली बोली तशीच राहू दिली म्हणून आज आपल्याला बहिणाबाई ऐकू येतात. यंत्राकडून टिपून घेताना हाच नमुना समोर ठेवायचा.

त्यासाठी मी असं करतो. लिखाण करून देणाऱ्या एआयला आधीच सांगतो: ‘जे ऐकू आलं ते तसंच लिही. प्रमाण मराठीत बदलू नकोस. शब्द कळला नाही तर अंदाज करू नकोस, तिथे [?] टाक आणि मिनिट-सेकंद लिही.’ याने अर्धी पडझड थांबते. उरलेल्यासाठी कानाला हेडफोन लावून फीत पुन्हा ऐकायची आणि हाताने दुरुस्त करायचं. ही पायरी गाळू नका. दुरुस्त करताना कागदाच्या कडेला दोन रकाने ठेवा: यंत्राने काय लिहिलं, खरं काय होतं. चार-पाच फिती झाल्या की त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात: ‘माले’चं ‘मला’, ‘तठे’चं ‘तिथे’, ‘ऱ्हायना’चं ‘राहिला’. मग त्या शोधून एका दमात बदलता येतात.

शब्दवही

दुरुस्तीतूनच शब्दवही तयार होते. साध्या एक्सेल शीटमध्ये चार रकाने: शब्द, अर्थ, कुठे ऐकला, ऐकलेलं पूर्ण वाक्य. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. माझ्या वहीत दखणे (पाहणे), आठे (इथे), तठे (तिथे), आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठा (सगळा) असे अहिराणी शब्द आहेत, ‘केयी’, ‘डोया’ असे ‘ळ’चा ‘य’ झालेले लेवा बोलीतले शब्द आहेत, आणि कांदेबाग, मृगबाग, पीलबाग, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे असे प्रमाण मराठीत वापरले तरी बाहेर चटकन न कळणारे शब्द आहेत. पन्नास-साठ शब्दांनी सुरुवात पुरते.

कथेवर बोलायला बसताना ही वही आधी यंत्राला द्यायची. बऱ्याच साधनांत ‘प्रोजेक्ट’ करून फाइल कायमची जोडून ठेवता येते, म्हणजे दर वेळी चिकटवावी लागत नाही. वही दिल्यावर यंत्र केळीच्या बागेत कांदे शोधत नाही.

मात्र वही दिली म्हणून ते अहिराणी लिहू लागेल असं समजू नका. लिहायला सांगितलंत तर सगळ्या नामांना ‘ले’ चिकटवेल. नुसतं ‘ग्रामीण बोलीत लिही’ म्हटलंत तर ‘व्हय’, ‘बगा की’, ‘म्या’ अशी सिनेमातली भाषा उतरेल, जी धुळ्यात बोलत नाहीत आणि नंदुरबारातही नाही. संवाद तुम्हीच लिहायचे, किंवा फितीतून उचलायचे.

लिहिण्याआधी यंत्राला प्रश्न विचारू द्या

माझ्या लिखाणाला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला. आपण नेहमी यंत्राला विचारतो. उलट करून बघा. मी हे असं टाकतो:

‘मी एक कथा लिहितोय. तू काहीही लिहू नकोस, कथानक सुचवू नकोस. मला एका वेळी एकच प्रश्न विचार. प्रश्न वास, आवाज, हातांची हालचाल, पैसा आणि पात्र काय लपवतंय याबद्दल असू देत. माझं उत्तर मोघम वाटलं तर त्यावरच पुन्हा विचार.’

कांदेबागेच्या कथेत त्याने विचारलं, ‘व्हॉल्व्ह फिरवताना उजेड कुठून येतो?’ मी लिहिलं, मोबाईलच्या टॉर्चचा. पुढचा प्रश्न आला, ‘मग मोबाईल कोणत्या हातात आहे?’ मी थबकलो. जाम झालेला व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. मोबाईल दातात धरलेला असतो. आणि दातात धरलेला असेल तर साप दिसला तरी पोराला हाक मारता येणार नाही. कथेचा कणा मला तिथे सापडला. प्रसंग माझ्या माहितीतला होता, मी तो इतकी वर्षं पाहत आलो होतो. प्रश्नाने फक्त बोट ठेवलं.

दहा-बारा प्रश्नांपुढे जाऊ नका. नंतर ते त्याच त्याच वळणावर येतात आणि आपली लिहिण्याची ओढ बोलण्यातच खर्च होते. उत्तरं वहीत उतरवा, खिडकी बंद करा आणि मसुदा स्वतः लिहा. या वेळी यंत्र उघडं ठेवलंत तर अडलेल्या प्रत्येक वाक्याला ‘पुढे काय?’ विचारावंसं वाटेल. अडलेलं वाक्य रात्रभर तसंच राहू द्या.

मसुद्यावर टीका घ्या, पण टीकेची कक्षा आखून

‘कशी वाटली?’ विचारलंत तर यंत्र तुमचं कौतुक करेल. ते त्याच्या घडणीतच आहे. म्हणून नवा संवाद उघडा, मसुदा दुसऱ्या कुणाचा आहे असं सांगा आणि नेमकं काम द्या. मला उपयोगी पडलेली कामं अशी: वाचक कोणत्या परिच्छेदात कंटाळेल, क्रमांक आणि कारण सांग. पात्रांची नावं काढून संवाद देतो, कोण बोलतंय ते ओळख, म्हणजे दोघं एकाच आवाजात बोलताहेत का ते उघडं पडतं. दिवस, वेळ, वयं, नाती यांत विसंगती असेल तर दाखव. प्रत्येक वेळी शेवटी एक वाक्य जोडा: ‘दुरुस्त करून देऊ नकोस, फक्त दाखव.’ हे वाक्य विसरलात की सगळी कथा नव्याने, सपाट होऊन परत येते.

कादंबरीवाल्यांना विसंगती शोधण्याचा विशेष फायदा. पाचव्या प्रकरणात आठ वर्षांची असलेली मुलगी दोन वर्षांनी तेराव्या प्रकरणात नऊची कशी, हे यंत्र चटकन पकडतं.

कवींसाठी थोडं वेगळं. यंत्र अक्षरं पाहत नाही, शब्दांचे तुकडे पाहतं, त्यामुळे अष्टाक्षरीची अक्षरं किंवा वृत्ताच्या मात्रा मोजण्यात ते चुकतं आणि चुकलेलं ठामपणे सांगतं. मोजणी बोटांवरच करा. कविता त्याच्याकडून सुधारून घेऊ नका. ‘या कवितेतून तुला काय कळलं ते गद्यात सांग’ एवढंच विचारा. भलतंच कळलं असेल तर कुठली ओळ गुंतली आहे ते दिसतं.

चित्रकारांसाठी

चित्र करणाऱ्या एआयला ‘खानदेशातलं गाव’ म्हणा. गवताचं छप्पर, नारळाची झाडं, डोक्यावर मडकं घेतलेली बाई. धाब्याची मातीची घरं नाहीत, केळीच्या बागेतला हिरवट अंधार नाही. नऊवारीचा काष्टा भलत्याच ठिकाणी जातो. चित्रात देवनागरी अक्षरं घालायला सांगितलीत तर अनेकदा जोडाक्षरं तुटतात, मात्रा हवेत राहतात. म्हणून मुखपृष्ठावरची अक्षरं हाताने काढा किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये टाका.

शब्दांनी सांगण्याऐवजी चित्रच द्या. ही वाट मला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्यामुळे सुचली. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं प्रसिद्ध आहेत: टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश साधायचा आणि त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं. आमच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी एका चित्रकार मैत्रिणीने तेच केलं. पाटावर माती थापली, पुठ्ठ्याची दोन घरं केली, केळीच्या वाळक्या पानाच्या पट्ट्यांची बाग उभी केली आणि एका बाजूने टॉर्च मारून फोनवर फोटो काढला. तो फोटो एआयला देऊन सांगितलं: ‘मांडणी अजिबात बदलू नकोस. फक्त प्रकाश बदल: पहाट, दुपार, पावसाआधीचा.’ तीन रूपं आली. मांडणीत थोडी ढवळाढवळ झालीच, पण पावसाआधीच्या रूपात घराच्या भिंतीवर पडलेला पिवळा कवडसा तिला आवडला. तो तिने डोळ्यात साठवला आणि जलरंगात मूळ चित्र स्वतः केलं. छापलं गेलं ते तिचं जलरंग.

छोटे कच्चे आराखडे, रंगसंगतीचे पर्याय, प्रकाशाचा अभ्यास, पार्श्वभूमी काढणं, जुना फोटो साफ करणं, ही कामं निर्धास्त द्या. अंतिम चित्र देऊ नका. आणि हयात चित्रकाराचं नाव घालून ‘त्यांच्यासारखं काढ’ असं कधीही म्हणू नका. ज्याने तीस वर्षं घासून एक रेषा कमावली, त्याच्या पोटावर तो पाय आहे.

माहिती यंत्राकडून आली तर ती कच्ची समजा

अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं, १९५२ आणि २०२४ मध्ये. एका लेखासाठी मी एआयला विचारलं तेव्हा त्याने १९५२ चं अध्यक्षपद साने गुरुजींना देऊन टाकलं. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून ते वाक्य कानाला खरं वाटतं. पण गुरुजी १९५० मध्येच गेले होते. अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी. नाव, साल, अवतरण यंत्राने दिलं की ते पुस्तकात किंवा ग्रंथालयात सापडेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा तुमच्या तालुक्याचं वाचनालय यांना एक फेरी मारा.

हक्क, परवानगी आणि गुप्तता

भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या साहित्यासाठी ती ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे दुसऱ्याची अलीकडची अख्खी कादंबरी यंत्रात ओतून ‘याच शैलीत लिही’ म्हणणं टाळा. लोकगीत सगळ्यांचं असलं तरी ते गाणाऱ्या माणसाचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क असतो. म्हणून ती आवाजातली परवानगी. कुणाच्याही आवाजाची एआयने नक्कल करायची असेल तर त्याची वेगळी परवानगी घ्या, आणि माणूस हयात नसेल तर ते करूच नका.

यंत्राने केलेल्या मजकुराचा मालक कोण, हे अजून पुरतं ठरलेलं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती अशी व्याख्या आहे, पण ती आजच्या एआयच्या कितीतरी आधीची. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत मजकूर आणि मांडणीचा हक्क लेखिकेला दिला, एआयच्या चित्रांचा नाकारला. यातून आपल्यापुरता निघणारा अर्थ सोपा आहे: कच्चे आराखडे, हाताची पानं, तारखा घातलेले मसुदे जपून ठेवा. उद्या वाद झाला तर तेच तुमच्या बाजूने बोलतील.

न छापलेलं लिखाण टाकण्याआधी साधनाच्या सेटिंगमध्ये डेटाचा भाग उघडा आणि तुमचा मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरण्याची परवानगी बंद करा. फितीतल्या माणसांची खरी नावं, गावं, घरातली भांडणं टाकताना नावं बदला. मावशींनी तुम्हाला सांगितलं होतं, कंपनीला नाही.

संपादकांना सांगून टाका

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला एआयने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा घेणंच बंद करावं लागलं. आमच्याकडे लोंढा नाही, पण गेल्या अंकासाठी आलेल्या तीन कथांची सुरुवात जवळपास एकाच संध्याकाळी, एकाच ‘सोनेरी प्रकाशात’ होत होती. ओळखण्याची सॉफ्टवेअरं भरवशाची नाहीत, त्यांच्यावरून कुणाला दोषी धरू नका. आम्ही लेखकांकडून दोन ओळी मागतो: एआय कशासाठी वापरलं, आणि कोणती वाक्यं त्याची आहेत. प्रश्न साधा विचारला की लोक खरं सांगतात.

शेवटची पायरी: ज्याचं त्याला वाचून दाखवा

छपाईला जाण्याआधी मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर घ्या आणि ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांच्याकडे न्या. अमळनेरच्या त्या मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नातीने वाचलं. झोक्याच्या गाण्यापाशी मावशींनी हात वर केला. यंत्राने आणि मी, दोघांनीही लेकीच्या जागी ‘बैन’ ऐकलं होतं. मावशी म्हणाल्या, ‘बैन नई, आंडेर.’ मी तिथेच पायरीवर बसून तो शब्द खोडला, वर आंडेर लिहिलं, आणि शब्दवहीत चौथ्या रकान्यात त्यांचं पूर्ण वाक्य उतरवून घेतलं.